कर्करोगाचे संशोधन आणि ज्ञातीचे कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



 या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, कुलाचार, होतकरू विद्यार्थ्यांना साहाय्य अशा विषयांवर विद्वान मंडळींची भाषणे झाली आहेत. मी निवडलेला विषय ऐकून आपल्या चिटणीसांनी मला विचारले, ‘‘मास्तर, हा विषय डॉक्टरांचा, आपण तो कशाला घेता?’’ त्यांची शंका रास्त आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य गेले ते मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात. परंतु ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे तिचा अर्धा भाग डॉक्टरांच्या हातात असला तरी उरलेला अर्धा भाग रोग्याच्या आणि त्याच्या घरच्या माणसांच्या हातात असतो. आणि त्या अर्ध्या भागात माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती सांगितल्यावाचून मला या विषयावर बोलण्याचा अधिकार प्राप्त होणार नाही. म्हणून ती मी आज सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील पोटासाठी कोकणातून मुंबईस आले. परळ-लालबागच्या चाळींत त्यांनी दिवस काढले. त्यांची मुले नातवंडे खाडी ओलांडून नेरूळ, कोपरखैरणे, पनवेल येथे स्थायिक झाली. आपल्या या स्थलांतरासारखेच एक स्थलांतर विद्येच्या क्षेत्रातही घडले आहे. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५२ साली त्याच्या शेजारी कर्करोगाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ही संशोधनसंस्था २००२ साली खारघर येथे आली आणि आज सुमारे ६० एकरांच्या आवारात ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. टेकडीच्या पायथ्याचे ते आवार आपण बसमधून जाताना नेहमी पाहतो. मात्र आत काय चालते याचा विचार आपण क्वचितच करतो, आणि केलाच तर भीतीने करतो.

त्या आवारातील एका इमारतीस ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्या संशोधनसंस्थेचे पहिले संचालक. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती आणि निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग यांचा संबंध त्यांनी बारकाईने तपासला. कोणी तंबाखू चुन्याबरोबर गालात धरतो, कोणी धोतर कमरेस करकचून नेसतो, आणि वर्षानुवर्षे जेथे दाह होतो तेथे रोग बळावतो, हे त्यांनी दाखवून दिले. येथे मला आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. रोग्याची जात आणि चालरीत त्यांनी विचारली ती कोणास उच्च वा नीच ठरविण्यासाठी नव्हे. कोणत्या घरात कोणती सवय आहे आणि ती सोडली तर कोणाचे प्राण वाचतील, हे कळावे म्हणून विचारली. ज्ञातीचा विचार करण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. तोंडाचा कर्करोग आपल्या देशात फार आढळतो, आणि त्याचे प्रमुख कारण तंबाखू, गुटखा, मशेरी व सुपारी हे आहे, हे आपण सारे जाणतो. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत एखादा व्रण होतो, तो आठवड्यामागून आठवडे भरून येत नाही, आणि पुढे तेथे गाठ होते. ही गाठ लहान असतानाच रोगी शस्त्रवैद्यापाशी गेला तर ती काढून टाकता येते. परंतु या रोगाची एक खोड अशी की तो मुखातून मानेत उतरतो. हनुवटीखाली, जबड्याखाली आणि मानेच्या बाजूंना रसग्रंथी असतात. लहानपणी घसा आला की जेथे अवधाण येत असे, त्याच या ग्रंथी होत. कर्करोगाच्या पेशी प्रथम तेथे जाऊन बसतात. पुष्कळदा त्या इतक्या सूक्ष्म असतात की मान बोटांनी चाचपून पाहिली असता काहीही लागत नाही, आणि यंत्राने घेतलेल्या चित्रातही त्या दिसत नाहीत.

यातून शस्त्रवैद्यांपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला होता. तोंडातील गाठ लहान आहे, मानेत काहीही हाताला लागत नाही. अशा वेळी तोंडातील गाठीबरोबरच मानेतील ग्रंथीही काढून टाकाव्यात, की मान तशीच ठेवून लक्ष ठेवावे आणि पुढे गाठ आलीच तर त्या वेळी ती काढावी? पहिला पक्ष म्हणे, घराला वाळवी लागण्याची वाट कशाला पाहावी? दुसरा पक्ष म्हणे, बहुसंख्य रोग्यांच्या मानेत काहीच नसते. मग त्या सर्वांच्या मानेवर शस्त्र चालवून खांदा अवघडण्याचे दुखणे त्यांच्या गळ्यात का बांधावे? दोन्ही पक्षांकडे अनुभवी आणि सद्भावी डॉक्टर होते. हा वाद कित्येक दशके चालला. टाटा रुग्णालयातच ७० रोग्यांवर केलेला याविषयीचा एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला होता. इतरत्रही असेच लहान लहान अभ्यास झाले. पण इतक्या थोड्या माणसांवरून निर्णय करता येईना.

अखेर २००४ साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी यांनी टाटा रुग्णालयात मोठा अभ्यास हाती घेतला. २०१४ पर्यंत त्यात ५९६ रोगी सामील झाले. सर्वांची तोंडातील गाठ लहान होती, बहुतेकांची जिभेवर होती, आणि कोणाच्याही मानेत गाठ हाताला लागत नव्हती. प्रत्येक रोग्यास समजावून सांगून, त्याची लेखी संमती घेऊन, त्याला दोनपैकी एका गटात घातले गेले. एका गटात तोंडाबरोबर मानेचीही शस्त्रक्रिया त्याच वेळी केली. दुसऱ्या गटात मानेवर लक्ष ठेवले आणि गाठ आली तरच ती काढली. कोणता रोगी कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी ठरविले नाही, रोग्यानेही ठरविले नाही. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरले.

ही चिठ्ठीची गोष्ट ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. एकेकाळी माझ्याही पडल्या होत्या. म्हणून मी ती माझ्या व्यवसायातील उदाहरणाने सांगतो. समजा, गणित शिकविण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील चांगली कोणती ते पाहावयाचे आहे. इयत्तेच्या दोन तुकड्या करावयाच्या. तुकड्या करण्याचे काम माझ्याकडे दिले आणि एक पद्धत मला मनातून प्रिय असेल, तर मी कितीही प्रामाणिक असलो तरी हुशार मुले नकळत त्या तुकडीत घालीन. मग परीक्षेत ती तुकडी पुढे गेली तर ते यश पद्धतीचे की मुलांचे? डॉक्टरांचेही तसेच आहे. धडधाकट रोगी पाहिला की मोठी शस्त्रक्रिया करावी असे त्यांना वाटते. अशक्त पाहिला की नको वाटते. चिठ्ठी टाकली म्हणजे अशक्त व सशक्त, तरुण व वृद्ध, व्यसन सुटलेले व न सुटलेले, सारे दोन्ही बाजूंना सारखेच विभागले जातात. आपण कोकणातील माणसे. दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या आणि माणसाची बुद्धी थकली की देवाला कौल लावणे आपल्या अंगवळणी आहे. हा कौल मात्र कोणाची श्रद्धा म्हणून लावलेला नसतो. माणसाच्या मनातील पक्षपात दूर ठेवण्यासाठी तो असतो. आणि जाणत्यांनाही उत्तर ठाऊक नाही अशाच प्रश्नाला तो लावावयाचा असतो. एक उपचार निश्चित चांगला आहे हे ठाऊक असताना रोग्याला दुसऱ्या गटात ढकलणे हे पाप होय. तशी परवानगी कोणतीही नीतिसमिती देत नाही.

अभ्यासावर देखरेख करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या निर्णयानुसार पहिल्या ५०० रोग्यांची माहिती तपासली गेली, आणि निष्कर्ष २०१५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत शिकागो येथे भरलेल्या कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत मुख्य सभेपुढे मांडला गेला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगन्मान्य नियतकालिकाने तो प्रसिद्ध केला. ज्यांची मान त्याच वेळी साफ केली असे २४५ रोगी होते. त्यांच्यापैकी ८१ जणांचा रोग उलटला आणि ५० मरण पावले. ज्यांच्या मानेवर केवळ लक्ष ठेवले असे २५५ रोगी होते. त्यांच्यापैकी १४६ जणांचा रोग उलटला आणि ७९ मरण पावले. तीन वर्षांच्या अखेरीस जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ८०, तर दुसऱ्या गटात शेकडा साडेसदुसष्ट पडले. रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यात शेकडा साडेएकोणसत्तर आणि दुसऱ्यात शेकडा सेहेचाळीसच्या किंचित खाली होते.

मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या माणसाने हे आकडे मांडून पाहिले तर हिशेब असा निघतो की, सुमारे आठ रोग्यांची मान वेळीच साफ केली तर त्यांतील एकाचा मृत्यू टळतो. आठांतील एक! आपल्या सभागृहातील एका रांगेत आठ खुर्च्या आहेत. प्रत्येक रांगेतील एक माणूस घरी परत जाणे किंवा न जाणे, एवढे या उत्तराचे मोल आहे. ही शस्त्रक्रिया नवी नव्हती, तिला परदेशातून आणलेले महागडे औषध लागत नव्हते. ती कधी करावी, एवढेच ठाऊक नव्हते. ते परळच्या रुग्णालयातील सामान्य रोग्यांनी साऱ्या जगाला सांगितले.

येथे सत्यास स्मरून दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. एक म्हणजे मानेची शस्त्रक्रिया अगदी निरुपद्रवी नाही. शस्त्रक्रियेपासून होणाऱ्या त्रासाचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ६.६ आणि दुसऱ्यात ३.६ असे नोंदले गेले; खांदा जड होणे, हात वर नेण्यास अडचण पडणे हे काहींच्या वाट्यास येते. दुसरी गोष्ट ही की हा निष्कर्ष लहान गाठीच्या आणि मानेत काही न लागणाऱ्या रोग्यांपुरता आहे. गाठ अगदी उथळ असेल तर फायदा तितका स्पष्ट दिसलेला नाही. तेव्हा कोणाच्या मानेचे काय करावे हे त्याच्या शस्त्रवैद्यानेच ठरवावे. माझ्या भाषणावरून कोणी ठरवू नये.

आता माझी चूक सांगतो.

माझ्या धाकट्या भावाला तंबाखूची सवय होती. २०११ साली त्याच्या जिभेच्या उजव्या कडेस व्रण झाला. तुरटीच्या गुळण्या आणि हळद यांत दोन महिने गेले. पुढे एका मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली आणि कर्करोगाचे निदान झाले. गाठ लहान होती, मानेत काही नव्हते. तेथील एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतले, उपचारांविषयी एक अभ्यास चालू आहे असे सांगितले आणि मराठीत छापलेले काही कागद माझ्या हाती दिले. घरातला वडील मी, शिकलेला मी. पहिल्या पानावर ‘कोणत्या गटात जाल ते चिठ्ठीप्रमाणे ठरेल’ अशा अर्थाचे वाक्य वाचले आणि माझे डोके फिरले. पुढचे पान मी उलटलेही नाही. ‘‘आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत?’’ असे म्हणून मी कागद परत केले. डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘आपली इच्छा. उपचारांत काही कमी पडणार नाही,’’ एवढेच ते म्हणाले, आणि त्याप्रमाणे कमी पडलेही नाही. मानेविषयी त्यांनी दोन्ही मते आमच्यापुढे ठेवली. ‘‘मानेत गाठ नाही तर मान कशाला कापावयाची?’’ हा माझाच निर्णय. मग त्यांनी बजावले की दरमहा मान दाखवावयास आले पाहिजे, चुकवू नका.

भाऊ दोनदा गेला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या कारखान्यात रजा मिळेना. चौथ्यात गणपती आले. पाचव्यात ‘काही दुखत नाही, उगाच एक दिवसाचा पगार का घालवावा’ असे तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. आठव्या महिन्यात जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. ते अवधाण असेल म्हणून त्याने घरीच लेप लावला. रुग्णालयात गेलो तोवर गाठ आसपासच्या भागास चिकटली होती. शस्त्रक्रिया झाली, किरणांचे उपचार झाले. २०१३ साली तो गेला. त्याची धाकटी मुलगी तेव्हा सातवीत होती.

दोन वर्षांनी, जून २०१५ मध्ये, वर्तमानपत्रात टाटा रुग्णालयाच्या त्या अभ्यासाची बातमी मी वाचली. ती वाचताना माझ्या मनाची काय स्थिती झाली ती मी वर्णन करीत नाही. परंतु त्या बातमीचा जो पहिला अर्थ मी लावला तोही चुकीचा होता, हे मला पुढे कळले. मला वाटले, मान वेळीच साफ केली असती तर भाऊ वाचला असता. तसे निश्चयाने म्हणता येत नाही. मान साफ केलेल्या २४५ जणांतही ५० मरण पावलेच. एका मुलाच्या गुणांवरून साऱ्या वर्गाचा निकाल लावता येत नाही, तसाच साऱ्या वर्गाच्या निकालावरून एका मुलाचे गुण सांगता येत नाहीत. शिवाय २०११ साली योग्य उत्तर कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून त्या वेळचा मानेविषयीचा निर्णय मी माझ्या अपराधांत धरीत नाही. माझा अपराध निराळाच आहे. मी कागद न वाचता परत केला, हा पहिला. आणि भावाची तपासणीची तारीख चुकली असता मी गप्प बसलो, हा दुसरा आणि अधिक मोठा. ज्या माणसाने शाळेत एकही मूल तीन दिवस गैरहजर राहिले तर त्याच्या घरी चौकशी केली, त्याने सख्ख्या भावाची सहा महिन्यांची गैरहजेरी मांडली नाही.

ज्ञातिबांधवहो, हजेरी हा या साऱ्या शास्त्राचा पाया आहे. शस्त्रक्रियेने काय साधले हे शस्त्रक्रियागृहात कळत नाही. ते सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी कळते. आणि रोगी परत आला तरच कळते. टाटांच्या त्या अभ्यासात आरंभी सुमारे महिन्यामहिन्याने आणि पुढे अंतर वाढवीत रोग्यांना बोलाविले जाई. हे रोगी कोण होते? आपल्यासारखेच लोक. त्यांत कोणी एक दिवसाचा रोज बुडवून आला असेल, कोणी रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभा राहून आला असेल. त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत. अहवालात फक्त संख्या आहे. दुसऱ्या गटातील २५५ जणांविषयी मी पुष्कळदा विचार करतो. त्यांच्या बाजूचा कौल उणा पडला. परंतु ते आले, त्यांनी मान दाखविली, आणि म्हणूनच पुढच्या रोग्याला काय करावे हे आज ठाऊक आहे. आज आपल्यापैकी कोणाच्या जिभेवर लहान गाठ निघाली तर डॉक्टर मानेविषयी जो सल्ला देतील त्यात त्या २५५ जणांचे ऋण आहे. पितृऋण आपण मानतो. हेही त्याच जातीचे ऋण आहे असे मला वाटते.

रोगी जगला किती, एवढेच मोजून हे शास्त्र थांबत नाही. तो कसा जगला हेही मोजले जाते. जेवण गिळता येते काय, तोंडात तीन बोटे मावतील इतके ते उघडते काय, फोनवरील बोलणे समोरच्यास समजते काय, चारचौघांत जेवावयास बसण्याची लाज वाटते काय, अशा गोष्टी रोग्यालाच विचारून लिहून घेतात. युरोपातील एका संस्थेने यासाठी प्रश्नावली तयार केली आहे. तिचे हिंदी व मराठी रूप टाटा रुग्णालयातील रोग्यांवर पडताळून पाहिले गेले आणि त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. एक भाषाशिक्षक म्हणून मला याचा आनंद वाटतो. आपल्या माणसाचे दुखणे आपल्या भाषेत विचारले जाते आणि त्याचे उत्तर शास्त्रात जमा होते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता भीतीविषयी. कागदावर सही करण्याची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. गरीब माणसाला न सांगता त्याच्यावर प्रयोग केल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात आहेत. त्यांतूनच १९६४ साली हेलसिंकी येथे जगातील वैद्यांनी नियम घोषित केले. आपल्या देशातही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे नीतिनियम आहेत आणि २०१९ साली नव्या औषधांच्या चाचण्यांविषयी सरकारने नियम केले आहेत. त्यांचे सार असे : संमती रोग्याला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे, ‘नाही’ म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ‘नाही’ म्हटल्याने त्याचे नेहमीचे उपचार अडत नाहीत, मध्येच अभ्यास सोडण्याचाही त्याला अधिकार आहे, आणि संमतिपत्राची प्रत तो मागू शकतो. तेव्हा डोळे मिटून सही करा असा उपदेश मी करीत नाही, डोळे मिटून कागद परत करू नका एवढेच सांगतो. विचारा : हा अभ्यास कशासाठी आहे? दोन्ही गटांत काय काय होईल? मला धोका कोणता? जादा खर्च कोणाचा? किती वेळा यावे लागेल? अडचण पडल्यास कोणाला भेटावे? हे सहा प्रश्न आमच्या चौथीच्या मुलालाही पाठ करता येतील. उत्तरे ऐकावीत, एक रात्र विचार करावा, आणि मग हो किंवा नाही म्हणावे. मी तेव्हा एवढे केले असते आणि शेवटी ‘नाही’ म्हटले असते, तरी आज मला शरम वाटली नसती.

आता ज्ञातीने काय करावे, ते सांगून मी आवरते घेतो. आपल्या पूर्वजांनी विद्यार्थ्यांसाठी निधी उभारला तो अशा वेळी की जेव्हा स्वतःच्या खोलीचे भाडे देण्याची त्यांना भ्रांत होती. गाडगे महाराजांचे नाव धारण करणारी दादरची धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करोग्यांना आसरा देते, हे आपणांस ठाऊक आहे. त्या मानाने माझ्या सूचना फार लहान आहेत.

पहिली सूचना : संस्थेने एक वही ठेवावी. ज्ञातीतील ज्या रोग्याची इच्छा असेल त्याच्या तपासणीच्या तारखा तीत लिहाव्यात, आणि तारखेच्या दोन दिवस आधी कोणीतरी त्याच्या घरी जावे किंवा फोन करावा. ती वही गुप्त राहिली पाहिजे. निवृत्त शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत. हजेरी घेण्याचे काम आम्हाला उत्तम येते.

दुसरी सूचना : ज्याचा त्या दिवशीचा रोज बुडतो त्याला गाडीभाडे आणि सोबत मिळावी. परळ काय किंवा खारघर काय, तेथील रांगेत एकट्याने उभे राहण्याइतके कठीण दुसरे काही नाही. सोबतीस एक माणूस असला की पुष्कळ तारखा चुकत नाहीत.

तिसरी सूचना : संमतीचा कागद ज्या घरात आला असेल त्या घरी जाऊन, त्यांनी बोलाविल्यास, तो त्यांच्यासह मोठ्याने वाचावा. सल्ला देऊ नये. केवळ वाचावा आणि न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने खूण करून ती डॉक्टरांना विचारण्यास सांगावे.

चौथी सूचना सर्वांत अवघड आहे. आपल्या वधूवर सूचक मंडळात ‘त्या घरात कॅन्सर आहे’ असे कुजबुजले जाते आणि मुलीचे स्थळ मोडते. या भीतीने रोगी रोग लपवितो, शेजाऱ्याला कळू नये म्हणून तपासणीस जाणे टाळतो. तंबाखूमुळे होणारा हा रोग शिवल्याने होत नाही आणि तो कोणाच्या कुळाचा कलंक नव्हे. माझ्या पुतणीच्या विवाहाची बोलणी चालू असताना मी स्वतः तिच्या वडिलांच्या मृत्यूचे कारण पहिल्याच बैठकीत सांगितले. एक स्थळ गेले. दुसऱ्यांदा मात्र समोरच्या गृहस्थांनी आपल्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगितली, आणि ते लग्न जमले. आज ती दोघे या सभागृहात बसली आहेत.

आणि अर्थातच, आपल्या समारंभांत विड्याच्या तबकात तंबाखू ठेवण्याची रीत आजपासून बंद व्हावी. खानोलकरांनी १९४४ सालीच जे सांगितले ते ऐकण्यास आपण पुष्कळ उशीर केला आहे.

अध्यक्ष महाशय, वहीसाठी लागणारा कागद आणि पहिल्या वर्षाच्या गाडीभाड्यापैकी माझा वाटा म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील अल्प रक्कम मी आज खजिनदारांकडे दिली आहे. वहीच्या पहिल्या पानावर कोणाचेही नाव घालू नये, ते कोरे ठेवावे, अशी माझी विनंती आहे. ज्याची हजेरी मी मांडली नाही त्याच्यासाठी ते राहू द्यावे.